माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एका शाळेच्या प्रयोगशाळेतले जुने टेबल आहे. टेबलाला चार पाय असतात हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण आपल्याच एका पायाची एखाद्या टेबलाला किती धास्ती वाटू शकते, हे मात्र टेबलालाच सांगावे लागते. म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. सुतार मोठा चिकित्सक माणूस. फळी जरा तिरकी दिसली की तो तोंडातली पेन्सिल काढून पुन्हा रेघ मारायचा, आणि बायको जेवायला हाका मारून दमायची. त्याने मला रुंद, लांब आणि चांगले जाडजूड केले. शाळेत पोचवताना त्याने माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "हत्ती नाचला तरी हलायचं नाही हे." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

प्रयोगशाळेत मी विज्ञानाच्या सरांच्या हाताखाली रुजू झाले. सर प्रयोग करून दाखवायचे आणि मुले बघायची. निळे पाणी लाल व्हायचे, लाल पुन्हा निळे व्हायचे, आणि मुलांच्या तोंडाचा चंबू व्हायचा. तास संपला की सर स्वतः फडक्याने मला पुसायचे. माझ्यावर दप्तर ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. पाहुणे आले की आधी माझ्यावरून हात फिरवायचे आणि मग सरांची चौकशी करायचे. अंगावर आम्लाचे डाग पडले, पण ते मला दागिन्यांसारखे वाटत.

पुढे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बरीच वर्षे कोणी आलेच नाही. विज्ञान वर्गातच शिकवले जाऊ लागले. प्रयोगाची कृती फळ्यावर लिहायची, निरीक्षण फळ्यावर लिहायचे, निष्कर्षही फळ्यावरच. मुले ते उतरवून घेत. माझ्या खोलीला कुलूप लागले. मग मोडकी बाके आली, फाटके नकाशे आले, एका पायाची खुर्ची आली. अडगळीत मीही एक अडगळ झाले.

त्याच काळात छपराला गळती लागली. पाणी नेमके माझ्या कोपऱ्यात, खिडकीकडच्या चौथ्या पायाशी पडे. पहिल्यांदा मला गंमत वाटली, कोणीतरी भेटायला आल्यासारखी. पण पाहुणा जाईना. जमीन ओली राहू लागली, ओलीवर वाळवी आली आणि तिने माझा पाय धरला. मित्रांनो, वाळवी फार शहाणी असते. ती वरच्या पॉलिशला धक्का लावत नाही. आतले सगळे खाते आणि बाहेरचे कवच तसेच ठेवते. त्यामुळे पाहणाऱ्याला मी तसेच धडधाकट दिसत होते. आतून काय चालले आहे ते एका मलाच कळत होते, आणि मला तोंड नव्हते.

अडगळीत होते तोवर मला काळजी नव्हती. माझ्यावर टेकणार कोण? पण एका वर्षी अभ्यासक्रम बदलला.

नवी पुस्तके आली. त्यात प्रत्येक धड्यात एक रंगीत चौकट होती आणि तिच्यावर लिहिले होते, 'करून पाहा'. आता शिक्षकाने करून दाखवायचे नव्हते, मुलांनी आपल्या हाताने करायचे होते. त्याच वर्षी शाळेला आठवीचा वर्ग मिळाला होता आणि आठवीसाठी विज्ञानाच्या नव्या बाई आल्या होत्या. बाई वयाने लहान, आवाजाने मोठ्या. प्रशिक्षणाला जाऊन आल्या तेव्हा शिपाईकाकांनी विचारले, कसे होते? बाई म्हणाल्या, हॉल गार होता, चहा गरम होता आणि प्रत्येक टेबलावर सगळे साहित्य मांडलेले होते. मग माझ्या खोलीचे कुलूप उघडून त्या दारातच उभ्या राहिल्या.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खोलीत नळ होता, पण त्याला पाणी नव्हते. विजेचे एकच बटण चालायचे, तेही ठिणगी दाखवून. दोन खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या. पुस्तकात लिहिले होते, पाच-पाच जणांच्या गटात बसा आणि प्रत्येक गटाला एक टेबल द्या. बाईंनी माझ्याकडे बघितले, मुलांकडे बघितले आणि म्हणाल्या, "आपल्याकडे टेबल एकच. म्हणजे आपण सगळे मिळून एकच गट. भांडायचं नाही."

मुले खिदळली. मोडकी बाके बाहेर गेली, जाळी निघाली, मुले घरून बाटल्यांत पाणी भरून आणू लागली. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी पुसले. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण धास्तीसकट. कारण आता अख्खा वर्ग माझ्याभोवती कोंडाळे करून उभा राही. मागच्यांना दिसावे म्हणून पुढचे वाकत, पुढच्यांवर मागचे रेलत, आणि तो सगळा भार फिरून फिरून माझ्या चौथ्या पायावर येई.

एकदा बाई दिव्यावर पाणी उकळत होत्या. एका मुलाने नीट दिसावे म्हणून माझ्या कडेवर गुडघा टेकला. माझा पाय करकरला. बाई चमकून म्हणाल्या, दार लावा रे, वाऱ्याने वाजतंय. शेवटच्या मुलीने जाऊन दार लावून घेतले. ते वाजत नव्हते, वाजत होते मी. उकळते पाणी, पेटलेला दिवा आणि भोवती इतके कोवळे चेहरे. त्या दिवशी तास संपेपर्यंत मी कसा धीर धरला ते माझे मला माहीत.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'चौकशी' म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीला का आणि कसे विचारायची. बाईंनी एकदा हात जोडून म्हटले होते की बाई गं, निदान घंटा झाल्यावर तरी ही चौकशीची खिडकी बंद करत जा. तिची आई एका दुकानात कपड्यांना इस्त्री करायची. थोरली बहीणही आता तिथेच घड्या घालायला बसायची. बहीण सातवी झाली तेव्हा इथे आठवी नव्हती. पुढची मोठी शाळा हमरस्त्यापलीकडे, मालमोटारींच्या रांगा ओलांडून. एवढ्या लांब मुलगी कशाला, असे वडील म्हणाले आणि बहिणीचे शिक्षण तिथेच थांबले. म्हणून ही आठवी म्हणजे चौकशीच्या दृष्टीने साधासुधा वर्ग नव्हता. तिच्यासाठी ते उघडे राहिलेले एकच दार होते.

आणि ते दारही किलकिलेच होते. नव्या अभ्यासक्रमासाठी कोणत्या शाळेत पुरेशी सोय आहे, हे बघायला वरून साहेब येणार होते. जिथे प्रयोगशाळा वापरण्याजोगी नसेल, तिथली आठवी मोठ्या शाळेला जोडून टाकायची असे ठरत होते. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. छपराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी इतक्यांदा वर कळवले होते की कचेरीत त्यांना बघितले की लोक आधी वर छताकडे बघत. ते रोज एकदा माझ्या खोलीत येत, किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत आणि बाईंना विचारत, "जमतंय ना हो?"

ध्वनीचा धडा आला. चौकटीत लिहिले होते की ध्वनी स्थायू पदार्थातून कसा जातो ते करून पाहा. याला पाणी नको, वीज नको, साहित्य नको, म्हणून बाई खूश होत्या. एकाने टेबलाच्या या टोकाला बोटाने टकटक करायची आणि दुसऱ्याने त्या टोकाला कान लावायचा, एवढेच. मुले पाळीपाळीने माझ्या अंगाला कान लावू लागली. काही जणांना समुद्र ऐकू आला, एकाला पोटातली गुडगुड ऐकू आली आणि ती त्याचीच निघाली. मला गुदगुल्या होत होत्या.

चौकशीची पाळी आली तेव्हा तिने विचारले, पायांतूनही आवाज जातो का? बाई म्हणाल्या, करून पाहा. ती खाली बसली. पहिला पाय वाजवला. दुसरा, तिसरा वाजवला. चौथ्याशी आली. तिने एकदा वाजवले, थांबली, पुन्हा वाजवले, मग परत तिसऱ्याकडे गेली आणि पुन्हा चौथ्याकडे आली. माझा जीव टांगणीला लागला होता. ऐक गं, पोरी, नीट ऐक, असे मी मनात म्हणत होते.

"बाई," ती खालूनच म्हणाली, "हा पाय पोकळ वाजतोय."

बाई खाली वाकल्या. त्यांनी कंपासपेटीतला कर्कटक घेऊन त्याचे टोक माझ्या पायाला लावले. चिखलात बोट जावे तसे ते मुठीपर्यंत आत गेले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मोठ्या आवाजात काहीही न म्हणता, एकेकाच्या खांद्याला धरून, सगळ्या मुलांना व्हरांड्यात नेले. त्यांचा एवढा हलका आवाज मुलांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

त्या दिवशी मला वाटले की सुटले. पण साहेबांची भेट आठवड्यावर आली होती. मोठ्या सरांनी माझा पाय पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसले. बाई म्हणाल्या की हे टेबल आता वापरायचे नाही, तास व्हरांड्यात घेऊ. सरांनी मान हलवली. टेबल नाही म्हणजे प्रयोगशाळा नाही, आणि प्रयोगशाळा नाही म्हणजे आठवी नाही, असे त्यांनी सांगितले. मग किल्ल्या बाजूला ठेवून ते म्हणाले, "बाई, एक दिवस. फक्त तो एक दिवस निघू दे. मग मी स्वतः हे बाहेर काढतो."

बाई हजेरीपट उचलून वर्गाकडे निघून गेल्या. मला त्यांचा राग येत नव्हता आणि सरांचाही येत नव्हता. दोघेही एकाच भीतीच्या दोन टोकांना उभे होते.

सरांनी माझ्या पायाभोवती विटा रचल्या. वरून जमिनीपर्यंत लोंबणारे हिरवे कापड अंथरले. कापडाखाली मी आणखी रुबाबदार दिसत असणार, याची मला लाज वाटली. मग त्यांनी चौकशीला खोलीत बोलावले. ते तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितले की साहेब आले की पायाचे नाव काढायचे नाही, अळीमिळी गुपचिळी. "तुझीच आठवी जाईल बाळा," असे म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती होय म्हणाली. ते गेल्यावर ती कापडाकडे बघत तिथेच उभी राहिली. त्या दिवशी तिने कोणालाही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही.

साहेब आले. अंगाने चांगले भरलेले, घाम पुसत आलेले, सकाळपासून चार शाळा बघून दमलेले. खोलीत आल्यावर त्यांनी नळ फिरवला, बटण दाबले, खिडकीचे खिळे मोजल्यासारखे केले. मोठे सर मागे मागे होते. मग साहेबांनी मुलांना विचारले की चौकटीतले करून पाहता की नुसते वाचता? मुले म्हणाली, करून पाहतो. साहेब हसले, कोणता प्रयोग केलात ते दाखवा म्हणाले. एका मुलाच्या तोंडून चटकन निघून गेले की टेबलाला कान लावायचा.

"अस्सं?" साहेब म्हणाले. "मग मीच लावतो की."

आणि ते माझ्या चौथ्या पायाच्या बाजूला आले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हात माझ्या कोपऱ्यावर टेकायला पुढे केले. विटा आहेत, विटा आहेत, असे मी स्वतःला बजावत होते. पण विटा पायाला बाजूने धरून होत्या. वरून एवढा भार आला तर कवच चिरडणार हे मला पक्के माहीत होते. साहेबांच्या अगदी शेजारी दोन मुले उभी होती. मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी तोंड उघडले.

पण आवाज आला तो चौकशीचा. अगदी बारीक आवाज.

"साहेब, तिकडे नका टेकू. तो पाय पोकळ आहे."

साहेबांचे हात तसेच हवेत राहिले. चौकशीने मान खाली घातली नाही. साहेबांनी मोठ्या सरांकडे बघितले. मला वाटले, आता सर म्हणतील की पोर आहे, काहीतरी बोलते. तसे म्हणणे फार सोपे होते.

सर पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हाताने कापड वर उचलले.

"खरं बोलतेय ती," ते म्हणाले. "विटा मी लावल्यात."

पुढचे फार लांबण लावून सांगत नाही. साहेब गुडघ्यांवर बसले. त्यांनी चौकशीकडून चारही पाय वाजवून घेतले आणि मग स्वतः वाजवून बघितले. हे कसे कळले, असे त्यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, धड्यात आहे ना, म्हणून. साहेब ना रागावले ना त्यांनी शाबासकी दिली. ही खोली आजपासून बंद, असे मात्र त्यांनी सांगितले. आठवीचे काय, असे बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले की मी पाहिले ते वर कळवीन, ठरवणे माझ्या हातात नाही. जाताना त्यांनी मोठ्या सरांशी हात मिळवला की नाही, ते मला दिसले नाही. मधे मुलांची गर्दी होती.

चौकशी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडली. बाई तिच्याजवळ बसल्या. तिने विचारले की आठवी राहील ना? मोठी माणसे अशा वेळी हमखास 'हो' म्हणतात. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. पण आज कोणाच्या अंगावर हे टेबल कोसळायचं राहिलं, तेवढं माहीत आहे."

नंतरचे दिवस फार वाईट गेले. वरून काहीच कळेना. काही पालकांनी आधीच मोठ्या शाळेत चौकशा सुरू केल्या. इस्त्रीच्या दुकानात चौकशीसाठीही एक स्टूल ठेवले गेल्याचे शिपाईकाकांनी बाईंना सांगितले. काही आया तर व्हरांड्यात येऊन बोलून गेल्या, की त्या पोरीने तोंड मिटून धरले असते तर काय बिघडले असते.

काय बिघडले असते, ते साहेबांनी वर कळवल्यावर छप्पर दुरुस्त करायला माणसे आली त्या दिवशी समजले. मला बाहेर काढून त्यांनी माझ्या कोपऱ्यावरचे पत्रे उचकटले. थोड्या वेळाने एक जण वरून हाक मारू लागला की खाली कोणी उभे राहू नका. आत कोणीच नव्हते. त्यांनी आडवी तुळई दोरांनी बांधून खाली उतरवली, आणि जमिनीला टेकताच ती मधोमध दुभंगली. आत भुसा. माझ्या पायापर्यंत पोचलेले पाणी इतकी वर्षे तिच्यातूनच झिरपत आले होते.

मित्रांनो, मी एवढा काळ माझ्या एका पायाच्या चिंतेत होते. मुलांच्या डोक्यावर काय टांगले आहे, ते मलाही ठाऊक नव्हते. मोठे सर त्या तुळईजवळ बसले आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही. त्या दिवसानंतर कोणत्याही आईने व्हरांड्यात येऊन काही म्हटले नाही. चौकशीच्या वडिलांनी मात्र येऊन ती तुळई पाहिली, आणि दुकानातले ते स्टूल पुढे दिसले नाही म्हणतात.

आठवीला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली आहे. त्यापुढचे माहीत नाही. खोलीचे काम अर्धे झाले आहे आणि उरलेले कधी होईल हे विचारायला मोठे सर पुन्हा कचेरीत खेपा घालत आहेत. माझे चारही पाय एका नव्या सुताराने सडलेल्या भागाच्या वरून कापले. दुखले, खोटे कशाला बोलू. आता मी व्हरांड्यात चौरंगासारखे बुटके होऊन बसले आहे आणि मुले माझ्याभोवती मांडी घालून 'करून पाहा' करतात. नळाला अजून पाणी नाही. आभाळ भरून आले की माझ्या छातीत अजूनही धडधडते, कारण व्हरांड्यालाही छप्पर आहे आणि ते मी आतून पाहिलेले नाही.

नवी पुस्तके चांगली आहेत. ती मी माझ्या पाठीवर उघडी पडलेली पाहिली आहेत. पण पुस्तक ठेवायला टेबल लागते, टेबलाला जमीन लागते आणि त्या सगळ्यावर एक छप्पर लागते. माझे एवढेच मागणे आहे. नवा धडा पाठवाल तेव्हा ज्या खोलीत तो शिकवायचा आहे तीही एकदा वाजवून बघा. आणि एखादे मूल म्हणाले की इथे काहीतरी पोकळ आहे, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या शेजारी खाली बसा आणि तुम्हीही कान लावा.